एका नमुन्यावर शेरा नाही

आमच्या नानांनी एकदा दुसऱ्या पृथ्वीच्या मातीचा अहवाल संघाच्या छापील फॉर्मवर भरून ठेवला होता, आणि तो नेमका तपासणीला आलेल्या संचालकांच्या हाती लागला. शेतकऱ्याचे नाव : माहीत नाही. गाव : दुसरी पृथ्वी. तालुका : नुसती रेघ. नमुना मिळाल्याची तारीख : अद्याप नाही. आणि सगळ्यात खाली, जिथे आम्ही 'जमीन भारी', 'पालाश भरपूर' असं लिहीत असू, तिथे नानांच्या ठसठशीत अक्षरात : 'नमुना आल्याशिवाय शेरा देता येत नाही.'

"हे काय आहे?" संचालकांनी चष्मा काढून विचारलं.

"प्रलंबित प्रकरण आहे साहेब," नाना म्हणाले.

संचालक मोठे केळीवाले होते, हिशेबी आणि मितभाषी. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून एक काचेचं भांडं पुसत होते, जे आधीच कोरडं होतं. "नमुना आला की मला कळवा," एवढं म्हणून त्यांनी फॉर्म परत दिला. नानांनी तो पुन्हा फाइलीत लावला. इथे काही विनोद झाला असं त्यांना वाटलंच नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जळगावात एका सहकारी संघानं शेतकऱ्यांसाठी माती तपासायची छोटी प्रयोगशाळा काढली होती. पुढे संघ मोडला, प्रयोगशाळाही गेली, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. दोन खोल्या, शेजारी सरकीच्या पेंडेचं गोदाम, आणि माणसं तीन : नाना, एक कारकून आणि मी. मी धुळ्याची. बी.एस्सी. झालेली, आणि मेडिकलचा प्रवेश दोन मार्कांनी हुकल्याचं दुःख डब्याबरोबर रोज घेऊन येणारी. नाना एरंडोलकडचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. असोद्याचा शेतकरी असो की संघाचा अध्यक्ष, सगळ्यांचे ते नानाच.

आभाळात कुठे दुसरी पृथ्वी असेल का, हा विषय त्यांच्यापुढे कुणी काढावा लागत नसे. शेतकरी कापडी पिशवी घेऊन आला की नाना त्याला बाकड्यावर बसवत, पाणी देत आणि माती चिमटीत चोळत चोळत थेट आभाळात जात. मात्र त्याआधी त्यांचे सात प्रश्न असत. कुठल्या वावरातली? किती जागांवरून काढली? झाडाखालची तर नाही? बांधालगतची? उकिरड्याजवळची? खत कधी टाकलं होतं? आणि पिशवी कसली आहे? सातही उत्तरं घेतल्यावर ते पिशवी नाकाशी नेऊन हुंगत. मला हे सगळं फार गमतीचं वाटे. कारकून आणि मी त्याला 'नानांची पूजा' म्हणत असू.

पण प्रश्नांना कारण होतं. आमच्याकडची माणसं मोठी मानी. तपासायला माती द्यायची म्हणजे पाहुण्यापुढे ताट वाढायचं. त्यामुळे वावरातली सगळ्यात काळी, सगळ्यात भुसभुशीत माती ते निवडून आणत. पाचोऱ्याकडच्या एकानं तर खडे वेचून, चाळून आणली होती. नाना त्याला म्हणाले, "आबा, ही मुलगी दाखवायला आणल्यासारखी नटवून आणली. घरात काम करताना कशी दिसते ती दाखवा." आबा रागावून गेले आणि चार दिवसांनी बरोबर माती घेऊन आले.

बरोबर माती म्हणजे आठ-दहा जागांवरून वीतभर खोल खड्डे घेऊन काढलेली. ती एकत्र कालवायची, गोल पसरायची, बोटानं चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की तो नमुना. सगळ्या वावराच्या वतीनं बोलणारा.

"आणि आभाळाचा नमुना आपल्याकडे किती?" नाना विचारत. "एक. तोही आपण जिथे उभे आहोत तिथलाच."

कारकून वर्तमानपत्र वाचणारा माणूस. तो म्हणे, "पण नाना, चंद्र पाहिला, मंगळ पाहिला. सगळे दगडधोंडे."

"अंगणातले दोन कोपरे पाहिले. वावर कुठे पाहिलं?"

"म्हणजे पृथ्वी आहे म्हणता आणखी?"

"मी कुठे म्हणालो? मी म्हणतो, नमुना आणा. तोवर नापीक असं लिहायचा मला अधिकार नाही."

एकदा मी त्यांना पकडायला गेले. म्हटलं, नाना, एका नमुन्यावरून 'नाही' म्हणता येत नसेल, तर 'आहे' असंही म्हणता येत नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या डब्यातला ठेचा मला वाढला. "बरोबर बोललीस. शेरा कोरा. पण शेरा कोरा आहे म्हणून कोणी वावर पडीक टाकतं का?" ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाणी शोधायला धावले.

नमुन्यातले टाकायचे भाग नानांना टाकवत नसत. आमच्याकडे आल्यावरही माती जास्त भरली की आम्ही तेच चार भाग करत असू, आणि नाना बाद झालेली माती मागच्या अंगणात एका वाफ्यात नेऊन ओतत. तापीकाठची काळी, पाचोऱ्याची, सातपुड्याच्या पायथ्याची तांबूस, सगळी एकमेकींवर. त्यांनी तिथे कधी काही पेरलं नाही. तरी आषाढात वाफा हिरवा होई. कपाशीचं एखादं रोप, अंबाडी, एक टोमॅटो, आणि एक वेल, जो आलेल्या एकाही शेतकऱ्याला ओळखता आला नाही. "अशी माती जगातल्या कुठल्याच वावरात नाही," नाना लोकांना दाखवत, "तरी उगवतंय पहा." लोक माना डोलवत आणि बाहेर पडल्यावर हसत. मीही हसत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

कारकुनानं एका रविवारच्या पुरवणीत वाचलं की आपल्या विश्वासारखी आणखी विश्वं असू शकतात आणि त्यांत आपणही असू शकतो, पण वेगळी नशिबं घेऊन. तो आठवडाभर खुशीत होता, कारण तिथे तो साहेब होता. नानांना हा माल पसंत नव्हता. "जिथली माती पिशवीत येऊच शकत नाही, त्याबद्दल मी काय बोलू?" पण मी एकदा बोलून गेले की तिथे माझे दोन मार्क जास्त असतील आणि मी डॉक्टर असेन, तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं. "असशील. चांगलीच असशील. पण मग तिथे या टेबलाशी कोण बसलंय? कोणी तरी पोरगी असेलच ना, जी भांडी नीट धूत नाही." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मला ही बरी," असं म्हणाले. दोन मार्कांचं दुःख मी त्यानंतर डब्याबरोबर आणणं हळूहळू बंद केलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती बातमी आली. आपल्या सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला होता. नाना तोवर निवृत्त झाले होते. ते कात्रण घेऊन एरंडोलहून एस.टी.नं आले आणि आम्हाला पेढे दिले. कारकुनानं बातमी शेवटपर्यंत वाचली. ग्रह गुरूसारखा अवाढव्य, ताऱ्याला चिकटून फिरणारा, भट्टीसारखा तापलेला. "नाना, हा काही कामाचा नाही."

"अरे, पहिला नमुना रस्त्याकडेचाच येतो," नाना म्हणाले. "हाताला लागायला सोपा असतो म्हणून. आत शिरू दे माणसांना." पुढे मी वाचलं की शास्त्रज्ञांचंही म्हणणं असंच काहीसं होतं : मोठे आणि ताऱ्याजवळचे ग्रह आधी सापडतात, कारण ते शोधायला सोपे. नानांना हे बांधाकडेला उभं राहून कळलं होतं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती त्याआधीची आहे, आणि तिच्यात माझी शोभा नाही.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस, ऊन असं की काचेची भांडी हाताला चटके देत. धुळ्याच्या एका कॉलेजात दुसऱ्या सूर्यांभोवती ग्रह असतील का, या विषयावर तीन दिवस व्याख्यानं होती. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांची रजा टाकली. जाताना दारातून परत आले. "सात प्रश्न विसरू नकोस."

मी म्हटलं, "नाना, मला येतं आता सगळं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाकड्यावर जागा नव्हती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक म्हातारी आली. पावसावर पिकणारं लहानसं वावर, घरात एक मुलगा. तिनं पांढरी स्वच्छ पिशवी माझ्यापुढे ठेवली. "पोरी, नीट देख. मना पोऱ्या म्हनस, वावरमा काही राहिनं नही."

मी पिशवीला चिठ्ठी बांधली आणि पुढच्याला बोलावलं. एकही प्रश्न विचारला नाही.

त्या मातीचा सामू नऊच्या वर निघाला. सामू म्हणजे माती आंबट की खारी हे सांगणारा आकडा. आमच्या काळ्या मातीचा आठच्या आसपास असतो. नऊच्या वर म्हणजे चोपण जमीन, पाणी पडलं की चिकट आणि वाळली की दगड. मी शेरा लिहिला, 'जमीन चोपण, पिकास अयोग्य'. नानांच्या वतीनं माझी सही, संघाचा शिक्का, पोस्टाचं तिकीट. नाना धुळ्याहून आले ते ग्रहांनी भरलेलेच. दोन दिवस आम्ही तेच ऐकत होतो.

तीन आठवड्यांनी ती म्हातारी अक्का परत आली, सकाळच्या पहिल्या गाडीनं. आमच्यासाठी तिनं डबाभर बिबड्या आणल्या होत्या. खान्देशात उन्हाळ्यात घरोघरी करतात ते ज्वारीचे पापड. नानांना तिनं विचारलं, "भाऊ, चोपणले काही औषध शे का?" मग तिनं सांगितलं. कागद वाचल्यावर मुलानं वावर वीटभट्टीवाल्याला दिलं होतं. तो वरची दोन हात माती काढून नेणार. "कालपाईन ट्राली लागनी शे."

वरची माती एकदा भट्टीत गेली की परत येत नाही. तिथे पुन्हा वावर व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

नाना तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सात प्रश्न सुरू केले. मी मागे उभी होते. सहा उत्तरं ठीक होती. बाईनं दहा जागांवरून माती काढली होती, झाडाखालची नव्हती, बांधाची नव्हती.

"आनि थैली कसानी व्हती, अक्का?"

"एकदम सोच्छ व्हती भाऊ," ती अभिमानानं म्हणाली. "पापडखारनी. बिबडास्ना खार त्यामाच ऱ्हास. झटकी लिधी, मंगच माटी भरी."

पापडखार. घरातली सगळ्यात पांढरी पिशवी तिनं आपल्या मातीसाठी काढली होती. त्या खाराची चिमूट पाण्यात टाकली तरी आमच्या यंत्राचा काटा उडी मारे. पिशवीच्या शिवणीत बसलेल्या पुडीनं तिच्या वावराचा निकाल लावला होता आणि त्याखाली सही माझी होती.  

नाना उठले. टोपी घातली, कुदळ घेतली, नव्या कापडाची पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल." चोपड्याच्या गाडीत अक्का पुढे बसली होती, आम्ही मागे. मला त्यांनी रागवायला हवं होतं. तापी ओलांडल्यावर ते बोलले. "मी धुळ्याला दुसऱ्या पृथ्व्या ऐकत बसलो होतो. ह्या पृथ्वीचं काम तुझ्यावर टाकून." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"नाना, वावर खरंच वाईट निघालं तर?"

"तर तसं लिहायचं. पण पाहून लिहायचं."

वावरात ट्रॉली उभी होती. उगवतीचा एक कोपरा दोन हात खाली गेला होता, आणि तासलेल्या कडेतून काळी माती उघडी पडली होती. अक्का त्या कडेपाशी जाऊन बसली आणि तिनं त्यावर हात ठेवला. मजूर फावडी टेकवून उभे राहिले. मुलगा तिशीचा, उन्हानं रापलेला, समोर आला.

"कागद तुमनाच व्हता ना?" त्यानं नानांना विचारलं. "शिक्का बी तुमनाच. माय म्हने जमीन चांगली, कागद म्हने खराब. मी कोनं आयकू?"

"कागद आमचाच," नाना म्हणाले. "पण चुकीचा. चूक आमच्या हापिसाची आहे."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.  "मी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. मायनं काही चुकवलं नाही."

मुलगा आमच्याकडे बघतच राहिला. टेबलापलीकडचं माणूस गावात येऊन, मजुरांसमोर, आमचं चुकलं म्हणतं, हे त्यानं बहुधा कधी पाहिलं नसावं. त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं.

"चार दिवस," तो शेवटी म्हणाला. "मंग मी थांबाव नही."

ट्रॉली रिकामी करून घेतली. नानांनी कुदळ मुलाच्याच हातात दिली. "तू काढ. तुझं वावर आहे." दहा जागांवरून त्यानं माती काढली, पोत्यावर पसरली, नानांनी सांगितलं तसे चार भाग केले. दोन बाजूला सारताना त्याचा हात क्षणभर थांबला. अक्का सारखी त्या नव्या पिशवीकडे बघत होती. आम्ही निघालो तेव्हा तिनं मला जवळ ओढून माझ्या कानशिलांवरून बोटं मोडली. जिच्यामुळे तिची माती भट्टीला निघाली होती, तिची दृष्ट काढली तिनं. मी गाडीत चोपड्यापर्यंत रडत होते.

माती सावलीत वाळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस मला आजही नकोसे वाटतात. भांडं मी चार वेळा धुतलं. माती तोलली, पाण्यात ढवळली, यंत्र लावलं. काटा सरकला आणि आठच्या अलीकडे थांबला.

मी ओरडले. नाना ओरडले नाहीत. "दुसरं भांडं घे," म्हणाले. दुसऱ्यातही तेच. "तिसरं." तिसऱ्यातही तेच. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'आधीचा निष्कर्ष आमच्या चुकीने दिला होता, तो रद्द' असं पहिल्या ओळीत लिहायला लावलं. सही माझीच ठेवली.

तो कागद आम्ही पोस्टात टाकला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या वावराच्या बांधावर होतो. मुलगा होता, अक्का होती, आणि दूर रस्त्यावर ट्रॉलीही आलेली होती. अक्काला वाचता येत नव्हतं.

"काय लिखेल शे, पोरी?"

मी वाचलं. जमीन मध्यम काळी. सामू योग्य. पिकास योग्य.

"अजून एक डाव वाच."

मी पुन्हा वाचलं. मुलानं कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि रस्त्यावरच्या ट्रॉलीवाल्याला हातानं 'जा' अशी खूण केली. मग तो त्या तासलेल्या कोपऱ्याकडे गेला आणि कडेची सुटलेली ढेकळं पायानं खड्ड्यात लोटू लागला.

"माले मालूम व्हतं," अक्का मला म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. "मी आठेच जल्म काढा ना."

नाना वाकून चिमूटभर माती उचलत होते. त्यांनी ती बोटांत चोळली, आणि मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "आपण चांगली माती नाही म्हणून लिहून दिलं होतं. तरी ती होतीच."